चावडी कुणाच्या जागेवर?

उजनी मायनसमध्ये गेली की आमच्याकडं दोन गोष्टी होतात. उसाला पाणी कसं पुरवायचं या काळजीनं घरोघरी चेहरे उतरतात, आणि पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. बाहेरच्यांना हे 'मायनस' समजावून सांगावं लागतं. धरणाचा एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्यामुळे पाणी त्या रेषेच्या खाली गेलं की पेपरात उणे टक्के छापून येतात. 1980 साली धरण पुरं झालं. त्याच्या आगेमागे भीमेकाठची गावं उठून वर सरकली, पळसदेवही नव्या जागी महामार्गाजवळ आलं आणि जुनं गाव पळसनाथाच्या देवळासकट पाण्याखाली गेलं. चांगल्या पावसाच्या वर्षी देवळाचं नुसतं शिखर दिसतं. दुष्काळात अख्खं देऊळ कोरडं पडतं, आजूबाजूचे चौथरे दिसायला लागतात, आणि मग होड्या, ड्रोन, रील.

2024 च्या उन्हाळ्यात अशीच एक रील माझ्यासमोर आली. ड्रोन देवळाभोवती फिरतोय, मागं कुठलंसं दाक्षिणात्य बॅकग्राउंड म्युझिक, खाली हजारभर कमेंट. बहुतेक हर हर महादेव, बाकी बदाम आणि 'लोकेशन प्लीज'. आणि मधेच एक कमेंट, साधारण अशी: देवळाच्या डाव्या अंगाला जो चौथरा दिसतोय ती आमची पिठाची गिरण, वडील तिथंच बसायचे, पाणी आलं तेव्हा मी चौथीत होतो. लिहिणाऱ्याचं नाव म्हणजे 'किंग' आणि पुढं चार आकडे. तिला लाइक तीन, त्यातलं एक माझं.

मी स्क्रीनशॉट काढला नाही. बसमध्ये होते, भिगवण आलं, उतरायची गडबड झाली. चार दिवसांनी ती रील शोधायला गेले तर सापडेना. काढून टाकली, की अकाउंट बंद झालं, की मीच नीट शोधलं नाही, कोण जाणे. फोननं तोवर मला केकच्या रेसिपी दाखवायचं ठरवलेलं होतं. ते वाक्य मला जसं आठवतंय तसंच त्यानं लिहिलं होतं का, हेही आता मी शपथेवर सांगू शकत नाही. चौथीत की पाचवीत? गिरण की भुसार दुकान?

याच सुमारास सरांचा फोन आला. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत सरांनी एक खोली भरवली आहे. त्यांनी भरवायला सुरुवात केली तेव्हा शिपाई त्या खोलीला अडगळ म्हणायचे, आता म्युझियम म्हणतात. आत मोट आहे, पाभर आहे, कुळव आहे, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी मापं ओळीनं मांडलेली आहेत, तीन जाती आहेत, आणि एका भिंतीवर उठलेल्या गावांचे मिळतील तेवढे फोटो. सरांना हे सगळं ऑनलाइन टाकायचं होतं. मी वेबसाइटची कामं करते म्हणून त्यांनी मला विचारलं, "इन्स्टावर पेज काढलं की भागेल, का आपलं स्वतःचं काहीतरी करावं? म्हणजे आपलंच एक छोटं फेसबुक. लोकांनी यावं, बघावं, आपापलं सांगावं." मी हसले. मग म्हटलं, सर, दोन दिवस द्या. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

हसले, कारण प्रश्न भाबडा वाटला. पण नंतर बघितलं तर जगातली मोठमोठी संग्रहालयं याच प्रश्नावर पंधरा-वीस वर्षं अडखळतायत. आणि हा प्रश्न तंत्राचा असता तर मी दोन दिवसांत उत्तर दिलंही असतं.

सरांच्या खोलीतल्या जात्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'जाते. धान्य दळण्याचे साधन. दगड.' तिन्ही शब्द खरे आहेत. एकदा मी तिथं असताना पालकसभेला आलेली एक आज्जी आत डोकावली. सगळ्यात लहान जात्यापाशी गेली, वाकली, खुंट्याच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाली, "आगं, हे लेकुरवाळीचं न्हवं, हे एकटीचं जातं हाय. समोर दुसरी बसायला जागाच न्हाई." मग तिनं हात फिरवून दाखवलं. वैरण कुठल्या हातानं टाकायची, दळताना दुसरीचा हात खुंट्यावर कुठं यायचा, टाकी लावायला वडाराची बाई यायची तेव्हा तिला काय द्यायचं, लग्नात जात्याला हळकुंड कसं बांधायचं. पाच मिनिटं बोलली. सभा सुरू झाली म्हणून गेली. चिठ्ठी तशीच राहिली, 'दगड'.

तर मुद्दा हा आहे. वस्तू ठेवायला खोली लागते, कपाट लागतं, आणि ते आपण शिकलो आहोत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलात तर काका केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवलेले अडकित्ते, दिवे, वज्र्या यांच्यासमोर तुम्ही तासभर सहज उभे राहाल. वीस हजारांच्या वर वस्तू, एका माणसाच्या वेडातून आलेल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं लोकांना दिलेल्या. पण त्या अडकित्त्याबरोबर तो देणाऱ्या घरातली बाई उंबऱ्यावर जे बोलली असेल, ते ठेवायला कपाट कुठलं? पुण्याच्याच सी-डॅकनं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर केलं आहे. केंद्र सरकारच्या संग्रहालयांचे संग्रह त्यावर ऑनलाइन आले. मूर्ती, नाणी, चित्रं, नोंद क्रमांक, काळ, माध्यम. मोठं आणि उपयोगी काम आहे. पण त्याचा स्वभाव नोंदवहीचा आहे. ते आपल्याला सांगतं. आपण त्याला सांगायचं, तर तशी त्याची बैठक नाही.

आता, बोलणारी माणसं आधीच कुठंतरी जमलेली आहेत, मग संग्रहालयानंच तिकडं जावं, हा विचार सरळ आहे आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जुनं आहे. जानेवारी 2008 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर आपल्याकडचे सुमारे तीन हजार जुने फोटो टाकले. लोक तुटून पडले. हा पूल अमुक गावचा, ही इमारत अजून उभी आहे, या फोटोवरचं साल चुकलंय. बऱ्याचशा कमेंट 'वॉव' छापाच्याच होत्या, पण पहिल्या वर्षातच लायब्ररीनं आपल्या कॅटलॉगमधल्या पाचशेवर नोंदी लोकांच्या माहितीवरून सुधारल्या. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की लायब्ररीनं ते बोलणं फ्लिकरवर सोडून दिलं नाही. तिच्या माणसांनी ते वाचलं, पडताळलं आणि घरच्या वहीत लिहिलं. रान दुसऱ्याचं, पण रास आपल्या खळ्यावर आणली.

आपल्याकडं रास कुणी आणत नाही. पेज काढतात, फोटो टाकतात, महिन्याला किती लाइक आले त्याचा अहवाल जातो. कमेंटमधे कुणीतरी 'ही आमच्या आजोबांची बंदूक' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या खाली पेज चालवणारा हात जोडल्याची इमोजी टाकून मोकळा होतो.

दुसऱ्या वाटेनं गेलेलेही आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमनं 2008 मध्ये स्वतःच्याच साइटवर 'पॉसी' नावाची मंडळी जमवली. लोकांनी खातं उघडायचं, संग्रहातल्या वस्तूंना आपल्या शब्दांत खुणा जोडायच्या, एकमेकांच्या खुणा तपासायच्या. सुरुवातीला जोरात चाललं. 2014 मध्ये म्युझियमनंच ते बंद केलं. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं 2012 मध्ये सव्वा लाख चित्रं मोठ्या आकारात खुली केली आणि लोकांना स्वतःचे संग्रह रचू दिले, ते टिकलं. पण त्यांच्याकडं रेम्ब्रांट आहे. सरांकडं पाभर आहे. रेम्ब्रांटसाठी माणूस नवा पासवर्ड बनवेल. पाभरीसाठी कोण बनवणार? आमच्याकडं निम्मी जनता पासवर्ड विसरली की नवीन सिम घेते.

तरी एक गोष्ट मनात घोळत राहते. 1996 मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलेली 'मायबोली' अजून चालू आहे. तिच्यानंतर आलेलं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. माझ्या मोठ्या भावाच्या बारामतीच्या कॉलेजची अख्खी तीन वर्षं ऑर्कुटवर होती आणि आता कुठंच नाहीत. 2020 च्या जूनमध्ये एका रात्रीत टिकटॉक बंद झालं. ते बंद व्हावं की नको हा वेगळा वाद. पण त्यावर आमच्या भागातल्या किती बाया होत्या ते आठवून बघा. उसाच्या फडात, गोठ्यात, चुलीपुढं, डोक्यावर पदर घेऊन नाचणाऱ्या, नक्कल करणाऱ्या, रडणाऱ्या. गावातल्या बायकांनी कुणाची परवानगी न घेता स्वतःला इतकं दाखवलं, असं याआधी कधी झालं असेल असं मला वाटत नाही. कुठल्या संग्रहालयानं त्यातलं काही उतरवून ठेवलं असेल तर ते निदान माझ्या पाहण्यात नाही. ती त्यांच्यासाठी 'वस्तू' नव्हतीच.

म्हणजे स्वतःचं हवं, असंच ना? मीही इथंपर्यंत याच उत्तराकडं चालले होते. सरांना तसं सांगायचं ठरवलंही होतं. चावडी दुसऱ्याच्या जागेवर भरवली तर जागावाला कधीही उठवणार, म्हणून चावडी आपल्या जागेवर. वाक्य छान जमलंय असं वाटून मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मग आडाचा फोटो झाला.

आमच्या उठलेल्या गावच्या माणसांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सरांच्या सांगण्यावरून मी त्यावर जुन्या गावातल्या आडाचा एक फोटो टाकला, कुणाला काही आठवतंय का म्हणून. धडाधड मेसेज आले. पाणी किती गोड होतं, रहाट कुणी बसवला, त्यात कुणाची कळशी पडली. तेवढ्यात एकानं लिहिलं, "या आडावर आमच्या आज्जीला हात लावायची सोय नव्हती. ती लांब उभी राहायची, कुणीतरी वरनं पाणी वाढायचं. दुपारपर्यंत सुदिक थांबलीय." ग्रुप गप्प झाला. अकरा मिनिटांनी (मी नंतर वेळ बघितली) अॅडमिननं मेसेज डिलीट केला आणि खाली लिहिलं, ग्रुपवर जातीचं राजकारण आणू नये, सर्व सदस्यांना विनंती. त्यावर आठ जणांनी अंगठे दिले. नंतर पुन्हा पाण्याचा गोडवा सुरू झाला.

ही तर आपलीच जागा होती. ना कुठला अल्गोरिदम, ना परदेशी कंपनी, ना जाहिरात. अॅडमिन आपला, माणसं आपली, गाव आपलं. आणि सगळ्या फोटोंखालच्या सगळ्या बोलण्यातलं जे एक वाक्य संग्रहालयात असायलाच हवं होतं, तेच आपल्या माणसांनी अकरा मिनिटांत पुसलं. माझं चावडीचं वाक्य मी खोडलं. खऱ्या चावडीवर तरी कोण बसायचं? त्या आज्जीला चावडीच्या पायरीवर जागा नव्हती. माझ्या आज्जीलाही नव्हती. बाईमाणूस चावडीवरनं जाताना डोईवरचा पदर पुढं ओढून भराभरा जायची.

अर्थात हेच वाक्य इन्स्टावर पडलं असतं तर ते पुसलं गेलं नसतं, हेही खरं. पण त्याच्याखाली काय काय आलं असतं तेही मला माहीत आहे, तुम्हालाही. त्या माणसाला शेवटी स्वतःच ते काढावं लागलं असतं.

या सगळ्यात मला धीर आला तो एका कामामुळं, जे वेबसाइटच्या जमान्याआधीपासून चालू होतं. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी पुण्याच्या आसपास, मुळशी-मावळच्या डोंगरात, गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. गी मूळचे फ्रान्सचे, हेमाताई पुण्याच्या. गावातल्याच बाया आणि कार्यकर्ते ओव्या उतरवून घ्यायचे. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, हजारावर गावांतून, तीन हजारांहून जास्त बायकांच्या तोंडच्या. त्यात आपला इंदापूर तालुका आहे, निमगाव केतकी आहे. बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकानं पुढं बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि ते सगळं संगणकावर आणलं. गी 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. 2017 पासून या ओव्या 'पारी'च्या, म्हणजे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर येतात.

यातली दोन कामं मला फार मोठी वाटतात. पहिलं, प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आहे. बाई, तिचं गाव, तिचा तालुका. लोकगीत म्हटलं की आपण 'अज्ञात' लिहून मोकळे होतो, जणू ते पावसासारखं वरून पडलं. मोरोपंत बारामतीचे. 1729 चा जन्म, 1794 चा मृत्यू, 'केकावली' शाळेत ऐकलेली असते. त्यांच्या आर्या पोथ्यांत राहिल्या, पुढं छापल्या गेल्या, चांगलंच झालं. पण पंत पहाटे उठून लिहायला बसत असतील तेव्हा त्याच बारामतीत घरोघरी जाती फिरत असणार आणि त्यावर कवितेची ओळीवर ओळ येत असणार. त्यातल्या एकाही बाईचं नाव आपल्याला सांगता येत नाही. दोनशे वर्षांनी कुणीतरी वही घेऊन बसलं आणि 'बाई, तुझं नाव काय' असं विचारलं.

दुसरं, पारीची माणसं पुन्हा त्या गावांत गेली. जुन्या नोंदीतली बाई शोधायची, तिच्या दारात जायचं, तिची ओवी तिला ऐकवायची, तिला पुन्हा गायला सांगायचं, तिचा फोटो, तिची हकीकत. काहींच्या घरी फक्त सून भेटली. या साइटला मी 'सोशल' म्हणेन, जरी तिथं कुणाला खातं उघडावं लागत नाही. बोलणं जिथून आलं तिथं ती परत जाते. फेसबुक-इन्स्टावरही ते ओव्या टाकतात, लोकांपर्यंत पोचायला. पण ओवीचं घर त्यांच्याकडं आहे आणि त्या घराच्या दाराला बाईच्या नावाची पाटी आहे.

माझ्या एका मैत्रिणीचं यावर म्हणणं वेगळं आहे आणि मला अजून ते पूर्ण खोडता आलेलं नाही. ती म्हणते, तुम्हा आर्काइव्हवाल्यांना सगळंच साठवायची खाज का? गिरणीवाला त्या रीलखाली बोलला ते वाटेवरच्या माणसाशी बोलला. संग्रहालयाशी नाही बोलला. बाई जात्यावर बोलली ती समोरच्या जावेशी बोलली, सासू उठायच्या आत. तुम्ही ते नावागावासकट साइटवर लावता, आणि तिचा नातू शाळेत असतो. बोलून विरून जायचा हक्क माणसाला नाही का?

आहे. ओव्यांमध्ये सासरची गाऱ्हाणी आहेत, मारहाण आहे, नवऱ्याबद्दल आहे. जातं हे त्या काळातलं घरातलं सगळ्यात खासगी ठिकाण होतं, कारण त्याच्या घरघरीत बाकी कुणाला नीट ऐकू येत नसे. तिथलं बोलणं जगाला उघडं करणं ही साधी गोष्ट नाही. मला यात फरक करता येतो तो एवढाच, की कुणीतरी समोर बसून विचारलं होतं. बाई नाही म्हणू शकत होती. गायची तेवढं गाऊ शकत होती, बाकीचं गिळू शकत होती. प्लॅटफॉर्म कुणाला विचारत नाही. 'आय अॅग्री'वर बोट टेकवलं की तुमचं आयुष्यभराचं विचारून झालं. आणि मी 'किंग'च्या कमेंटचा स्क्रीनशॉट काढून सरांच्या भिंतीवर लावला असता, तर मीही त्याला विचारलेलं नसतंच. स्क्रीनशॉट राहिला नाही याचं मला वर्षभर वाईट वाटत होतं. अलीकडं थोडं कमी वाटतं.

मग सरांना काय सांगायचं? आपलं छोटं फेसबुक काढू नका, हे मी आता नक्की सांगेन. ते कुणी चालवणार नाही. आमच्या बॅचनं शाळेची माजी विद्यार्थी साइट काढली होती. डोमेनचे पैसे भरणारा मुलगा हिंजवडीत लागला, त्याचं लग्न झालं, कार्ड बदललं, साइट गेली. त्या पत्त्यावर परवा जाऊन बघितलं तर ऑनलाइन जुगाराची जाहिरात होती. कंपनीची जागा जाते तशी आपलीही जाते, आपली तर लवकर जाते. पण नुसतं इन्स्टावर राहा, असंही सांगणार नाही.

संग्रहालयात वस्तू आली की ती दाखल नोंदवहीत चढते. तारीख, कुणी दिली, कशी दिली, क्रमांक. एकदा चढली की ती कुणाच्या मर्जीनं उतरत नाही. उतरवायची तर कुणी उतरवली आणि का, ते लिहावं लागतं. सरांची ती वही मी बघितलेली आहे, लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, शाळेच्या जनरल रजिस्टरची बहीण शोभेल अशी. मला वाटतं, बोलणंही तिच्यात चढावं. जात्याला क्रमांक आहे तसा त्या आज्जीच्या पाच मिनिटांनाही क्रमांक असावा. लोकांशी बोलायला जिथं लोक आहेत तिथं जावं, व्हॉट्सअॅपवर, रीलखाली, पालकसभेत, बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर. जे सापडेल ते विचारून आणावं, बोलणाऱ्याला वाचून दाखवावं आणि वहीत चढवावं. साइट म्हणजे त्या वहीची उघडी पानं, साधी, स्वस्तातल्या फोनवर उघडणारी, तीन ठिकाणी प्रत ठेवलेली. बोलणाऱ्याला नंतर ते काढावंसं वाटलं तर काढता यावं, कारण ते त्याचं आहे. दुसऱ्या कुणाला आवडलं नाही म्हणून काढायचं असेल, तर त्यानं वहीत स्वतःच्या नावानिशी कारण लिहावं. सरपंचानंही, मुख्याध्यापकांनीही.

सर म्हणाले, "हे शेवटचं तू सोपं समजतीयेस. वही माझ्या कपाटात आहे आणि कपाट शाळेचं आहे." खरं आहे. मागच्या वेळी त्यांना मोटेशेजारी 'नाडा ओढणारे सालगडी' असं लिहायचं होतं, तर संस्थेतल्या कुणीतरी म्हणालं, सालगडी कशाला, शेतकरी लिहा. सरांनी शेतकरी लिहिलं. ते मला सांगताना त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

आडाच्या मेसेजचं काय करायचं, ते आम्ही दोघांनी ठरवलं. मेसेज डिलीट झाला तरी नंबर होता. त्या माणसाला मी फोन केला. भिगवणला गॅरेज आहे त्याचं, मागं इंजिनचा आवाज. मी सांगितलं, शाळेच्या वहीत तुमच्या आज्जीचं ते आडाचं लिहून घ्यायचंय, चालेल का, आणि पुढं साइटवर ते दिसेल. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "लिवा की मॅडम. पण माझं नाव नका घालू, मला हितं धंदा करायचाय. तिचं घाला."

मी पेन काढलं आणि विचारलं, आज्जीचं नाव काय?

"नाव..." तो म्हणाला. "आम्ही सगळी तिला आईच म्हणायचो. थांबा, चुलत्याला विचारून सांगतो."

सरांनी वहीत आडाच्या फोटोखाली ते सगळं त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं आहे, दुपारपर्यंत थांबलेलं सुदिक. क्रमांक दिला आहे. तारीख घातली आहे. नावासाठी दोन बोटं जागा कोरी सोडली आहे. त्याचा फोन अजून आलेला नाही, येत्या रविवारी मी पुन्हा करणार आहे.